उंबरठ्यावरची दोन वर्षे

दहावीचा निकाल लागतो, पेढे वाटून होतात, आजी-आजोबांच्या पाया पडून होते आणि दिवेलागणीपर्यंत घरात प्रश्न उपस्थित होतो, 'मग, क्लास कोणता ठरला?' महाविद्यालय कोणते, हा प्रश्न त्यानंतरचा. विज्ञान शाखेकडे जाणाऱ्या मुलांच्या पुष्कळ घरांत तर तो विचारण्याची गरजही उरलेली नाही; कारण क्लास निश्चित झाला की त्याच्याशी संधान बांधलेले कनिष्ठ महाविद्यालयही आपोआप निश्चित होते. तेथे विद्यार्थ्याचे नाव हजेरीपटावर राहते, विद्यार्थी मात्र दिवसभर क्लासच्या इमारतीत असतो. प्रात्यक्षिक परीक्षेपूर्वीचे काही दिवस आणि प्रवेशपत्र घेण्यापुरता एक दिवस, एवढाच त्याचा आणि त्याच्या महाविद्यालयाचा ऋणानुबंध.

या व्यवस्थेला 'इंटिग्रेटेड' असे भारदस्त नाव आहे. नाव एकात्मतेचे, व्यवहार मात्र फारकतीचा. महाविद्यालयाची शिक्षणापासून, शिक्षकाची विद्यार्थ्यापासून आणि परीक्षेची ज्ञानापासून फारकत झाली आहे आणि तिची खंतही कोणाला वाटेनाशी झाली आहे.

या लेखाचा रोख खासगी शिकवणी वर्गांवर नाही. मागणी असते म्हणून दुकान चालते, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. शिवाय, क्लासमधील अनेक शिक्षक आपले काम निष्ठेने करतात, हेही मान्य करायला हवे. प्रश्न त्याहून मूलगामी आहे. सोळाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंतची ही दोन वर्षे समाजाने मुलांना कशासाठी दिली होती आणि आज आपण ती कोणाच्या हवाली केली आहेत?

दोन वर्षांची वंशावळ

अकरावी-बारावीची रचना कोणा परीक्षा मंडळाच्या सोयीसाठी जन्माला आलेली नाही. तिच्यामागे सुमारे अर्ध्या शतकाचे चिंतन आहे. कलकत्ता विद्यापीठाच्या सुधारणेचा विचार करण्यासाठी १९१७ मध्ये एक आयोग नेमण्यात आला. इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठाचे कुलगुरू मायकेल सॅडलर त्याचे अध्यक्ष होते आणि सर आशुतोष मुखर्जी यांच्यासारखे विद्वान त्याचे सदस्य होते. आयोगाने १९१९ मध्ये दिलेल्या अहवालातील निदान आजही विचार करायला लावते. मॅट्रिक होऊन येणारा विद्यार्थी विद्यापीठीय अध्ययनासाठी तयार झालेला नसतो. त्यामुळे विद्यापीठाची पहिली दोन वर्षे शाळेचे उरलेले काम पुरे करण्यातच खर्ची पडतात. म्हणून ही दोन वर्षे विद्यापीठापासून वेगळी काढावीत, त्यांच्यासाठी स्वतंत्र 'इंटरमीजिएट' महाविद्यालये असावीत, तेथे मोठ्या समुदायापुढे व्याख्याने झोडण्याऐवजी लहान वर्गांत शिकवावे आणि त्यानंतरच विद्यापीठाचे दार उघडावे, असे आयोगाचे मत होते.

स्वातंत्र्यानंतर डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगानेही (१९४८-४९) विद्यापीठ प्रवेशापूर्वी बारा वर्षांचे शिक्षण झालेले असावे, असाच आग्रह धरला. पुढे डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या आयोगाने (१९६४-६६) या विचाराला दहा अधिक दोन अधिक तीन असा आकृतिबंध दिला. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्याच्या मातीतले. ग्रामीण शिक्षणाचा प्रत्यक्ष अनुभव गाठीशी असलेला हा माणूस होता. आयोगाची अपेक्षा दुहेरी होती. उच्च माध्यमिक टप्प्यावरील निम्मे विद्यार्थी व्यवसाय शिक्षणाकडे वळावेत आणि उरलेल्यांची विद्यापीठासाठी खरीखुरी तयारी व्हावी. १९६८ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हा आकृतिबंध स्वीकारला, सत्तरच्या दशकात तो महाराष्ट्रात आला, 'इंटर' इतिहासजमा झाले आणि 'बारावी' हा शब्द घराघरांत पोहोचला.

आकृतिबंध आला, आशय मात्र वाटेतच राहिला. महाराष्ट्रात ही दोन वर्षे बऱ्याच प्रमाणात महाविद्यालयांना जोडली गेली. परिणामी विद्यार्थ्याला शाळेची जवळीक लाभली नाही आणि विद्यापीठाचे वातावरणही लाभले नाही. धड शाळा नाही, धड महाविद्यालय नाही, अशी ही त्रिशंकू अवस्था आहे. रिकाम्या घरात कोणीतरी बिऱ्हाड थाटतेच. येथे ते प्रवेश परीक्षेने थाटले.

इंग्लंडमधील सहावा फॉर्म

ज्या देशातून सॅडलर आले, तेथे या वयाच्या मुलांसाठी काय केले जाते, हे पाहणे उद्बोधक ठरेल. इंग्लंडमधील शाळांत इयत्तांना 'फॉर्म' म्हणण्याची जुनी पद्धत होती. शेवटचा तो सहावा फॉर्म आणि तो दोन वर्षांचा. इयत्तांची नावे बदलली, तरी 'सिक्स्थ फॉर्म' हे नाव टिकून राहिले. सोळा ते अठरा वर्षांची मुले या दोन वर्षांत साधारणतः तीनच विषय घेतात, पण ते सखोल शिकतात. त्यानंतर होणारी 'ए लेव्हल' परीक्षा १९५१ पासून चालत आली आहे आणि विद्यापीठाचा प्रवेश मुख्यतः तिच्यातील श्रेणींवर ठरतो. वैद्यकसारख्या काही अभ्यासक्रमांसाठी वेगळी चाचणी असते, परंतु ती ए लेव्हलला पर्याय म्हणून नव्हे.

या परीक्षेचे स्वरूप लक्षात घेण्यासारखे आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला दीर्घ निबंधवजा उत्तरे लिहावी लागतात; शिवाय एखाद्या ऐतिहासिक प्रश्नावर इतिहासकारांची मते तपासून स्वतंत्र लेखन करावे लागते. भूगोलाच्या विद्यार्थ्याला किमान चार दिवस प्रत्यक्ष क्षेत्रकार्य आणि स्वतः निवडलेल्या प्रश्नाची पाहणी सक्तीची आहे. अंतिम गुणांपैकी वीस टक्के गुण या पाहणीला असतात. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने प्रत्येक विषयात किमान बारा प्रयोग स्वतः केले असल्याची नोंद ठेवली जाते.

याखेरीज 'एक्सटेंडेड प्रोजेक्ट' नावाचा एक ऐच्छिक उपक्रम आहे. विद्यार्थी आपल्या आवडीचा प्रश्न निवडतो, संदर्भ शोधतो, कामाची रोजनिशी ठेवतो, सुमारे पाच हजार शब्दांचा प्रबंध लिहितो आणि शेवटी श्रोत्यांसमोर तो मांडून त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देतो. मार्गदर्शक शिक्षक असतो, पण उत्तर सांगण्यासाठी नाही. योग्य प्रश्न विचारण्यासाठी. हे काम अर्ध्या ए लेव्हलच्या तोलाचे मानले जाते आणि काही विद्यापीठे ते चांगले करणाऱ्याला प्रवेशाच्या अटीत थोडी सवलतही देतात. विद्यापीठात जे पुढे करायचे आहे, त्याची ही रंगीत तालीमच.

दुरून डोंगर साजरे, हेही विसरू नये. सोळाव्या वर्षीच तीन विषयांत कोंडून घेतल्याने अनेक मुले गणिताला कायमचा रामराम ठोकतात, अशी टीका खुद्द इंग्लंडमध्येच वर्षानुवर्षे होत आली आहे. महागड्या खासगी शाळांतील मुलांना तेथेही झुकते माप मिळते आणि शिकवण्यांचा व्यवसाय तेथेही आहे. इंग्रजांची नक्कल करा, असे म्हणण्याचा उद्देश अजिबात नाही. दीडशे वर्षे तेच केल्याची फळे आपण भोगतो आहोत. परंतु एक गोष्ट मान्य करावी लागते. तेथील व्यवस्था या दोन वर्षांना उद्देशून एक स्पष्ट प्रश्न विचारते. हा मुलगा, ही मुलगी उद्या शिक्षकाच्या आधाराविना अभ्यास करू शकेल काय? आपली व्यवस्था हा प्रश्न विचारतच नाही.

तीन तास आणि चार पर्याय

आपण विचारतो तो प्रश्न निराळा आहे. तीन तासांत, चार पर्यायांतून, किती अचूक उत्तरे निवडता येतील? नीटच्या प्रश्नपत्रिकेत सोडवायचे १८० प्रश्न आणि ७२० गुण असतात. इतक्या प्रचंड संख्येतून निवड करायची, तर असे वस्तुनिष्ठ साधन लागणारच. तोंडी परीक्षा आणि निबंध घेऊन लाखो मुलांची निवड करता येणार नाही आणि केलीच तर वशिलेबाजीला रान मोकळे मिळेल. त्यामुळे प्रवेश परीक्षा नको, ही भूमिका भाबडी आहे.

चूक परीक्षा असण्यात नाही. परीक्षा हाच अभ्यासक्रम होऊन बसण्यात आहे. चाळणीचे काम निवडण्याचे. धान्य पिकवण्याचे काम शेताचे. आपण शेत पडीक ठेवले आणि चाळण्यांचा कारखाना काढला.

आकडे पाहा. २०२४ मध्ये देशभरातून २३ लाखांहून अधिक विद्यार्थी नीटला बसले. त्या वेळी एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या थोड्या वर होत्या. त्याच वर्षी सर्व आयआयटींच्या मिळून जागा साडेसतरा हजारांच्या आसपास होत्या आणि जेईई मेनला बसणाऱ्यांची संख्या चौदा लाखांच्या घरात होती. ज्यांना जागा मिळाली त्यांचे अभिनंदन. पण ज्यांना मिळाली नाही, त्या लाखो मुलांच्या हाती या दोन वर्षांचे काय उरले? काही जण पुन्हा एक वर्ष क्लासला बसतात. उरलेले रसायनशास्त्र, संख्याशास्त्र, वाणिज्य, विधी अशा कुठल्याशा पदवीला प्रवेश घेतात आणि तेथे प्रथमच एका कोऱ्या कागदासमोर उभे ठाकतात. पर्याय दिलेले नसतात. प्रश्नही पुष्कळदा दिलेला नसतो. तो स्वतःच शोधायचा असतो. ज्याने दोन वर्षांत एकही पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेले नाही, सलग दोन पाने स्वतःच्या शब्दांत लिहिलेली नाहीत, एखादा प्रयोग फसल्यावर तो का फसला याचा विचार केलेला नाही, त्याने विद्यापीठात पाऊल ठेवले ते कोणत्या शिदोरीवर?

ज्यांना जागा मिळाली, त्यांचीही यातून सुटका नाही. रुग्णाची हकिकत शांतपणे ऐकून तिच्यातून नेमका धागा पकडणे, हे वैद्याचे पहिले काम. ते कोणत्याही बहुपर्यायी प्रश्नात शिकवले जात नाही. अभियंत्याला अहवाल लिहावा लागतो, सहकाऱ्यांशी वाद घालावा लागतो, आपले गणित चुकले असेल तर ते ओळखावे लागते. पत्रकारितेत तीन दशके काढल्यावर आमच्या व्यवसायात येणाऱ्या तरुणांकडे पाहताना जाणवते की, ही मुले हुशारीत मागच्या पिढीपेक्षा तसूभरही कमी नाहीत. माहिती तर त्यांच्याजवळ अधिक आहे. परंतु तीन परस्परविरोधी निवेदने समोर ठेवून त्यांतून एक सुसंगत पान लिहायला सांगितले की ती गोंधळतात. दोष त्यांचा नाही. ते करायला त्यांना कोणी कधी सांगितलेच नव्हते.

आणि नेमक्या याच काळात विद्यापीठाच्या अपेक्षा वाढल्या आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवी चार वर्षांची होऊ घातली आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनाचा मार्ग खुला करणारी चौकट विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये जाहीर केली. कल्पना उत्तम आहे. पण वरच्या मजल्यावर संशोधनाची गच्ची बांधायची आणि खाली जिनाच ठेवायचा नाही, तर वर पोहोचणार कोण?

रिकाम्या वर्गाची किंमत

येथे लातूरचा विचार अपरिहार्य ठरतो. ज्या 'लातूर पॅटर्न'चे नाव राज्यभर झाले, त्याच्या घडणीशी राजर्षी शाहू महाविद्यालयाचे संस्थापक प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे यांचे नाव जोडलेले आहे. विशेष म्हणजे ते स्वतः साहित्याचे व्यासंगी अभ्यासक. मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतील मुलेही पुण्या-मुंबईच्या बरोबरीने गुण मिळवू शकतात, हा आत्मविश्वास त्या प्रयोगाने दिला. महत्त्वाचे हे की, त्या प्रयोगाच्या प्रारंभी जादा तास घेणारा, प्रश्नपत्रिका तपासणारा, विद्यार्थ्यामागे लागणारा शिक्षक महाविद्यालयाचाच होता. पुढे महाविद्यालयाच्या भोवती क्लासेसची वसाहत उभी राहिली आणि मूळ प्रयोगातील शिक्षकाचे कष्ट मागे पडून त्याचे फक्त बाजारमूल्य उरले.

शिक्षक वर्गातून नाहीसा होतो, तेव्हा सर्वांत मोठा फटका कोणाला बसतो? लाखांच्या घरातील शुल्क भरणाऱ्याला नव्हे. त्याला पर्याय आहे. फटका बसतो तो ज्याचे वडील ऊसतोडीला जातात, ज्याची आई चार घरी पोळ्या लाटते, अशा मुलाला. तो एसटीचा पास काढून रोज महाविद्यालयात येतो. वर्गात ऐंशी नावे आहेत आणि माणसे सहा. सहा जणांसाठी तास घ्यायचा उत्साह कोणाला? तास बुडतो. दुसरा बुडतो. मग तोही येणे बंद करतो. सधन घरांनी आपापल्या मुलांपुरता शोधलेला मार्ग असा निर्धन घरांच्या मुलांची वाट बंद करतो. आपल्यापैकी कोणीही ते हेतुपुरस्सर करत नाही. पण परिणाम व्हायचा तो होतोच.

कला आणि वाणिज्य शाखांची स्थिती आणखी निराळी. तेथे क्लासची स्पर्धा त्या मानाने कमी, म्हणून खरे तर वाचन-लेखनाला वाव अधिक. परंतु 'कमी गुण मिळाले म्हणून कला शाखा' ही समजूत इतकी रुजली आहे की, त्या वर्गांकडून कोणी काही अपेक्षाच ठेवत नाही. मार्गदर्शकातील उत्तरे पाठ करावीत, ती परीक्षेत उतरवावीत, एवढाच व्यवहार. २०२५ मध्ये राज्य मंडळाचा बारावीचा निकाल ९१.८८ टक्के लागला. उत्तीर्ण होणे आणि तयार होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या आकड्याने झाकले जाते.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. २०१८ मध्ये राज्य शासनाने कनिष्ठ महाविद्यालयांच्या विज्ञान शाखेत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२४ च्या मार्चमध्ये वीस आणि नोव्हेंबरमध्ये एकवीस शाळांची संलग्नता काढून घेतली. अनुपस्थित विद्यार्थ्यांची केवळ नावे पटावर ठेवणे, हे त्या कारवायांमागील प्रमुख कारणांपैकी एक. सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने शिकवणी संस्थांसाठी जानेवारी २०२४ मध्ये प्रसृत केली. हे सारे योग्यच. पण यंत्रावर अंगठा उमटला म्हणून मन वर्गात हजर झाले, असे होत नाही. वर्गात काही मिळणारच नसेल, तर मुलाला तेथे डांबून काय साधणार?

गुणांचा भार बदलूनही प्रश्न सुटत नाही, हे अनुभवाने दिसले आहे. २०१३ ते २०१६ या काळात जेईई मेनच्या गुणवत्ता यादीत बारावीच्या गुणांना ४० टक्के भार देऊन पाहण्यात आला. २०१७ पासून ती पद्धत सोडून देण्यात आली. तमिळनाडूने २००७ पासून अभियांत्रिकीची राज्य प्रवेश परीक्षाच रद्द करून बारावीच्या गुणांवर प्रवेश सुरू केले. तेथे बारावीचे गुण मिळवून देणाऱ्या निवासी शाळांसाठी नामक्कल जिल्हा प्रसिद्ध झाला. घोकंपट्टी एका दारातून हुसकावली, तर दुसऱ्या दाराने आत येते. म्हणून परीक्षेच्या नियमांइतकाच विचार अभ्यासाच्या रीतीचा व्हायला हवा.

हाताशी असलेले साधन

आता कोणी म्हणेल, हे सारे ऐकायला गोड आहे, पण आमच्या मुलाचे वर्ष वाया गेले तर? ही भीती खरी आहे आणि तिची टिंगल करण्याचा अधिकार कोणालाही नाही. क्लास सोडा, असा उपदेश येथे करायचा नाही. अपेक्षा आहे ती या दोन वर्षांतील थोडा वेळ, थोडे मन आणि थोडी प्रतिष्ठा खऱ्या अभ्यासाला परत देण्याची. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमात 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' हा विषय आहे आणि त्यात विद्यार्थ्याने प्रकल्प करणे अपेक्षित आहे. म्हणजे इंग्लंडमध्ये जे ऐच्छिक आहे, त्याचे बीज आपल्याकडे सर्वांसाठी आधीच पेरलेले आहे. आपण त्याचे काय केले? प्रकल्पाच्या तयार वह्या दुकानात मिळतात, त्या उतरवून काढल्या जातात आणि त्यांवर श्रेणी देऊन विषय मिटवला जातो. खोटेपणाचा हा पहिला शासनमान्य धडा आपण सतराव्या वर्षी देतो.

हाच प्रकल्प प्रामाणिकपणे करायचा ठरवला तर? गावातल्या दहा विहिरींची पाणीपातळी पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत दर पंधरवड्याला मोजणे. आठवडी बाजारात शेतकऱ्याला टोमॅटोचा मिळणारा भाव आणि शहरातील मंडईचा भाव यांची तीन महिने नोंद ठेवणे. आपल्या पेठेतील जुन्या वाड्यांतून वाहून नेलेल्या पाण्याच्या व्यवस्थेचा शोध घेणे. वस्तीतील ओला कचरा नेमका कोठे जातो, याचा माग काढणे. यांपैकी कशालाही प्रयोगशाळा लागत नाही. लागते ती वही, चिकाटी आणि महिन्यातून अर्धा तास ऐकून घेणारा एक वडीलधारा माणूस. अशा कामातून मूल प्रश्न मांडायला शिकते, नोंद ठेवायला शिकते, अंदाज चुकला तर तो चुकला असे लिहायला शिकते. विद्यापीठाची तयारी म्हणतात ती हीच.

शिक्षकांविषयीही एक शब्द. विनाअनुदानित तुकडीवर वर्षानुवर्षे राबणाऱ्या, पुढच्या जूनमध्ये नोकरी राहील की नाही याची शाश्वती नसलेल्या शिक्षकाकडून आपण कशाच्या बळावर निष्ठेची अपेक्षा करतो? संस्थाचालकांनी आणि शासनाने या प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे. अकरावीच्या प्रवेशक्षमतेपेक्षा विद्यार्थी लाखोंनी कमी असतानाही नव्या तुकड्यांना मान्यता मिळत राहते. त्याऐवजी असलेल्या तुकड्या लहान करून त्यांना पूर्ण वेळ शिक्षक दिला, तर सॅडलर आयोगाने शंभर वर्षांपूर्वी सांगितलेली गोष्ट निदान आता तरी घडेल.

आणि आपण? आपल्यापैकी अनेकजण वस्त्या-वस्त्यांत अभ्यासिका चालवतात. तेथे दिवे असतात, शांतता असते, वर्तमानपत्रे असतात. मुले आपापली पुस्तके घेऊन येतात आणि आपापली घोकंपट्टी करून जातात. या अभ्यासिकांत आठवड्यातून एक संध्याकाळ वाचनासाठी आणि लेखनासाठी राखून ठेवता येणार नाही काय? आपल्याच परिसरात निवृत्त प्राध्यापक असतात, बँकेतून निवृत्त झालेले काका असतात, घर सांभाळून पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या भगिनी असतात. प्रत्येकाने दोन मुलांची जबाबदारी घ्यावी. वर्षभरात चार पुस्तके वाचून घ्यावीत, महिन्याला दोन पाने लिहून घ्यावीत, ती लाल शाईने नव्हे तर आपुलकीने तपासावीत. १९६७ च्या कायद्याने उभे राहिलेले सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे राज्यभर पसरलेले आहे. त्यांतील कपाटे वाचकांची वाट पाहत आहेत. वस्ती झोपडपट्टीची असो की सोसायटीची, या कामाची गरज दोन्हीकडे सारखीच आहे. कारण वही कोरी राहण्याचा रोग दोन्हीकडे पसरला आहे.

घरात करण्यासारखे तर याहून सोपे आहे. चाचणीत किती गुण पडले, हे आपण रोज विचारतो. आठवड्यातून एकदा तरी विचारावे, 'या आठवड्यात तुला न कळलेली गोष्ट कोणती?' या प्रश्नाला मुलाने संकोच न करता उत्तर दिले, तर त्याची तयारी सुरू झाली असे समजावे.

आपल्या परंपरेने या तयारीला एक नेमका शब्द दिला आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत अध्ययन पुरे करून निघालेल्या शिष्याला गुरू ज्या गोष्टी बजावतात, त्यांत स्वाध्यायात हयगय करू नकोस, ही एक आहे. शिक्षण संपले तेथेच स्वतःचा अभ्यास सुरू होतो, एवढी मोठी जाण त्या उपदेशात आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत मात्र 'स्वाध्याय' म्हणजे धड्याच्या शेवटचे प्रश्न, आणि त्यांची उत्तरे मार्गदर्शकात तयार. शब्द तोच राहिला, अर्थ वाटेत गळून पडला. तो अर्थ मुलांना परत मिळवून द्यायचा, तर त्यासाठी योग्य वेळ हीच दोन वर्षे आहेत. त्यानंतर विद्यापीठ येते, नोकरी येते, संसार येतो. आणि कोणी शिकवत नसताना शिकायचे कसे, हे शिकवायला मग कोणाजवळच सवड नसते.